रिवेट गनच्या तोंडावरची स्प्रिंग

रिवेट म्हणजे पत्रे जोडणारी बिनआट्यांची धातूची खीळ, आणि ती ठोकून बसवणारी हवेवरची गन म्हणजे रिवेट गन. तिच्या तोंडातला स्नॅप, म्हणजे रिवेटवर टेकणारा पोलादी ठसा, बसवायचा तर आधी हवेची नळी काढायची, ट्रिगर एकदा दाबून आत उरलेली हवा सोडायची आणि मगच स्नॅपला हात लावायचा. स्नॅपची दांडी बॅरलमध्ये सरकवायची, तिच्यावरून भोवऱ्यासारखी निमुळती स्प्रिंग घालायची आणि स्प्रिंगचं रुंद तोंड बॅरलच्या आट्यांवर हातानंच पिळत न्यायचं. उतरवताना हेच उलट. काम अर्ध्या मिनिटाचं, पण ही स्प्रिंग तिथे का आली हे समजलं की ती न लावता गन चालवायची हिंमत होत नाही.

हातानं रिवेट मारायचे त्या काळात स्नॅप हे वेगळं हत्यार होतं. एकजण भट्टीत रिवेट लाल करायचा, दुसरा मागून डॉली (टेकू देणारा जड लोखंडी ठोकळा) लावून धरायचा आणि आणखी दोघं आळीपाळीनं घण घालायचे. टोक दबलं की त्यावर वाटीसारखा खोलगट स्नॅप ठेवून शेवटचे घाव, म्हणजे डोकं गोल. स्नॅप माणसाच्या हातात असायचा आणि काम झालं की खाली ठेवला जायचा. त्याला अडकवून ठेवायचा प्रश्नच नव्हता.

१८३७ च्या सुमारास मँचेस्टरमध्ये बॉयलर कामगारांचा संप झाला आणि विल्यम फेअरबेर्न यांनी रिवेटिंगचं यंत्र करून घेतलं. १८६० च्या दशकात राल्फ ट्वेडेल यांनी पाण्याच्या दाबावर चालणारं यंत्र आणलं. ही यंत्रं रिवेट दाबून बसवायची आणि काम उत्तम व्हायचं, पण ती जड. पुलाच्या वरच्या कमानीवर किंवा जहाजाच्या अडचणीच्या कोपऱ्यात घणच चालायचा.

ही अडचण हवेनं सोडवली. अमेरिकेत सेंट लुईसच्या जोसेफ बॉयर यांनी १८९० च्या दशकात हातात धरता येईल असा हवेवरचा हातोडा यशस्वी केला. (विल्यम बरोज यांनी बेरजेचं यंत्र घडवलं तेही बॉयर यांच्याच कारखान्यात. एका छपराखाली एवढं घडलं याचं मला फार अप्रूप वाटतं.) आतला पिस्टन हवेच्या दाबानं पुढे झेपावतो, स्नॅपच्या दांडीवर आदळतो, मागे येतो, पुन्हा आदळतो. घण घालणाऱ्या दोघांचं काम एका नळीत आलं, आणि स्नॅप माणसाच्या हातातून निघून गनच्या तोंडात गेला.

धोका सुरू झाला तो इथे. गन रिवेटवर टेकलेली असते तोवर प्रत्येक ठोका रिवेट पचवतो. ती उचलली आणि चुकून ट्रिगर दाबला गेला, तर तोच ठोका मोकळ्या स्नॅपला बसतो आणि पोलादाचा तो तुकडा गोळीसारखा सुटतो. उंचावर काम चालू असेल तर खाली उभ्या माणसाचं काय होईल, ते सांगायला नको. म्हणून स्नॅप तारेनं, क्लिपनं किंवा स्प्रिंगनं अडकवून ठेवायची पद्धत आली. अशा हत्यारांवर क्लिप किंवा रिटेनर (अडकवून ठेवणारी पकड) पक्का बसवलेला असलाच पाहिजे, असं अमेरिकेच्या बांधकाम-सुरक्षा नियमांत स्पष्ट लिहिलेलं आहे.

विमानांनी या स्प्रिंगला दुसरं काम दिलं. १९३० च्या दशकात विमानं ॲल्युमिनियमच्या पत्र्याची होऊ लागली. रिवेट लहान, थंडच मारायचे, पण डोक्यांचे प्रकार अनेक. त्यामुळे स्नॅप दिवसातून कितीतरी वेळा बदलावा लागतो. विमानकामाच्या नेहमीच्या गनमध्ये स्नॅपची दांडी ०.४०१ इंचांची ठरून गेली, म्हणून एकाचा स्नॅप दुसऱ्याच्या गनला चालतो. पत्र्याशी सपाट बसणाऱ्या रिवेटसाठी रुंद तोंडाचा स्नॅप लागतो. तो निमुळत्या स्प्रिंगमधून जात नाही, म्हणून उघड्या तोंडाची, झटकन बदलता येणारी स्प्रिंग आली.

आपल्याकडे हे काम रुजलं ते सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांच्यामुळे. १९४० मध्ये त्यांनी बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट सुरू केली. पुढे १९६० च्या दशकात नाशिकजवळ ओझरला मिग विमानांचा कारखाना उभा राहिला. पुलांच्या कामात जगभर रिवेटची जागा १९५० नंतर हाय-टेन्साइल बोल्टांनी घेत नेली, तरी आपल्या रेल्वेच्या गर्डरांत रिवेट बराच काळ टिकले. १९४३ चा हावडा पूल तर रिवेटवरच उभा आहे. विमानाच्या पत्र्यावर मात्र गन आजही रोज चालते, आणि वेटोळी ताणलेली किंवा आट्यांवर सैल बसणारी स्प्रिंग तिथे सरळ भंगारात जाते.