मंगोलियन सन्मानपदकांचा संग्रह

मंगोलियन सन्मानपदकांचा संग्रह : बोग्द खान या धर्मगुरू-राजाची राजवट (१९११ नंतर), मंगोलियन लोकप्रजासत्ताक (१९२४–९२) आणि आजचे मंगोलिया यांनी दिलेली मानचिन्हे व पदके जमवणे, ओळखणे आणि त्यांची खरेदी-विक्री करणे. पदकसंग्रहात सोव्हिएत पदकांचा पसारा प्रचंड आहे. मंगोलियन पदके त्याच्या शेजारचे छोटे दालन. संख्या कमी आणि घडण देखणी असल्यामुळे गेल्या काही दशकांत त्यांच्याकडे गुंतवणूक म्हणूनही पाहिले जाऊ लागले. तो हिशेब किती खरा, याचा विचार पुढे येईल.

मराठी वाचकाला या विषयात एक अनपेक्षित ओळख भेटते. मानचिन्हाला मंगोलियनमध्ये ‘ओदोन’ म्हणतात. ‘ओद’ म्हणजे तारा, त्यावरून हा शब्द आला. बोग्द खानाच्या काळातील मुख्य मानचिन्हाचे नाव ‘एर्देनीन ओचिर’. यातला ‘एर्देने’ हा संस्कृत ‘रत्न’ शब्दाचा आणि ‘ओचिर’ हा ‘वज्र’ शब्दाचा, मध्य आशियातील भाषांतून फिरत गेलेला वंशज आहे. बौद्ध धर्माबरोबर हे शब्द तिकडे पोहोचले. अनेक पदकांवर दिसणारे राष्ट्रचिन्ह ‘सोयोंबो’ म्हणजे आपला ‘स्वयंभू’च. जानाबाजार या धर्मगुरूने सतराव्या शतकाच्या अखेरीस तयार केलेल्या लिपीतील ते आद्य चिन्ह. धर्मसत्ता उलथवून आलेल्या साम्यवादी राजवटीनेही ते टाकले नाही. त्याच्या माथ्यावर फक्त पाच टोकांचा तारा बसवला. १९९२ मध्ये ध्वजावरचा तो तारा उतरला.

लोकप्रजासत्ताकाची पहिली मानचिन्हे १९२६ ची. त्यांत रणांगणातील पराक्रमाबद्दलचे ‘लाल निशाण’ सर्वांत महत्त्वाचे. १९३६ मध्ये ‘आल्तान गदस’ आले. शब्दशः अर्थ सोन्याची मेख, म्हणजे ध्रुवतारा. घोडे मेखेला बांधणाऱ्या लोकांना आकाशातले तारे त्या न हलणाऱ्या खुंटीभोवती फिरताना दिसले, तर नवल नाही. लडाखचे कुशोक बकुला रिंपोचे १९९० ते २००० या काळात भारताचे मंगोलियातील राजदूत होते. त्यांनाही ध्रुवताऱ्याचे हे मानचिन्ह मिळाले होते. १९४१ मध्ये सर्वोच्च मान म्हणून ‘सुखबातर मानचिन्ह’ सुरू झाले. याशिवाय ‘वीर’ ही उपाधीही होती. दामदिन सुखबातर (१८९३–१९२३) हा १९२१ च्या क्रांतीचा नायक. मानचिन्हाच्या मधोमध त्याचेच चित्र असते. आजचे सर्वोच्च मानचिन्ह चंगीझ खानाच्या नावाचे असून ते २००५ मध्ये सुरू झाले. ते इतक्या कमी लोकांना मिळाले आहे की संग्राहकाने त्याची वाट न पाहिलेली बरी.

या पदकांचा मोठा साठा मंगोलियाबाहेर आहे. त्याचे कारण युद्ध. १९३९ च्या मे ते सप्टेंबरमध्ये खाल्खिन गोल नदीकाठी सोव्हिएत व मंगोलियन फौजांनी जपानी सैन्याला हरवले. सेनापती होते गेऑर्गी झुकोव. पुढच्याच वर्षी मंगोलियाने या लढाईतील सैनिकांसाठी खास बिल्ला काढला. त्यावर तलवार उगारलेला घोडेस्वार आहे. तो मोठ्या संख्येने सोव्हिएत सैनिकांच्या छातीवर लागला. १९४५ च्या ऑगस्टमध्ये मंगोलियाने जपानविरुद्ध युद्ध पुकारले. त्या मोहिमेचे पदक ‘बिद यालाव’, म्हणजे ‘आपण जिंकलो’. पुढे दर दहा-वीस वर्षांनी स्मरणपदके निघत राहिली. विजयाच्या तिसाव्या वर्षी, १९६९ मध्ये, झुकोव यांना ‘मंगोलियाचा वीर’ घोषित करण्यात आले. १९६६ च्या मैत्री करारानंतर सोव्हिएत तुकड्यांचा मंगोलियात मोठा तळ पडला आणि तेथून परतणाऱ्या अधिकाऱ्यांच्या खिशात ही पदके रशिया, युक्रेन, बाल्टिक देशांत पोहोचली. अनेक मानचिन्हे मुळात घडलीही मॉस्को व लेनिनग्राडच्या टांकसाळीत. चांदी, मुलामा आणि अर्धपारदर्शक मीनाकाम यांचा दर्जा त्यामुळे सोव्हिएत पदकांच्या तोडीचा आहे.

कालखंड ओळखण्यासाठी लिपी हा पहिला पुरावा. सुरुवातीच्या पदकांवर उभी मंगोलियन लिपी असते. १९४१ मध्ये सिरिलिक लिपी स्वीकारण्याचा निर्णय झाला आणि १९४६ पासून ती सक्तीची झाली. त्यानंतरच्या पदकांवर देशाच्या नावाची सिरिलिक आद्याक्षरे दिसतात. दुसरा पुरावा राज्यचिन्हाचा. १९४० च्या चिन्हात लांब काठीचा फास घेतलेला घोडेस्वार आणि भोवती पाळीव जनावरांची डोकी होती. १९६० च्या नव्या चिन्हात जनावरे गेली आणि दातेरी चाक आले. तिसरा पुरावा पाठीमागचा. जुनी मानचिन्हे कापडाला भोक पाडून गोल नटाने घट्ट करीत, नंतरच्या काळात पिनेची टाचणी आली. उभी लिपी आणि जुना, मूळचाच नट असलेला नमुना हाती आला, तर अनुभवी संग्राहक भाव विचारण्याआधी भिंग काढतो.

कारण खोट्यांचा सुळसुळाट. टांकसाळीत ठशाने ठोकलेल्या पदकाच्या कडा धारदार असतात. साचा घेऊन ओतलेल्या नकलेत त्या बोथट होतात आणि भिंगाखाली हवेच्या बुडबुड्यांची बारीक भोके दिसतात. खरा मीना भट्टीत वितळवलेल्या काचेचा असतो आणि हाताला थंड लागतो. नकलेत बहुधा रंग किंवा राळ भरलेली असते. याहून फसवा प्रकार म्हणजे खरेच, पण बदललेले पदक: जुना क्रमांक घासून नवा कोरलेला, उडालेला मीना दुसऱ्याच पदकातून बसवलेला. असा नमुना तोंडावर निर्दोष दिसतो. दोष पाठीवर सापडतो, म्हणून विकणाऱ्याने फक्त पुढच्या बाजूचा फोटो पाठवला तर व्यवहार तिथेच थांबवावा.

किंमत ठरते ती या वस्तूच्या कागदांवरून. क्रमांकित मानचिन्हासोबत मूळ प्रमाणपत्राची पुस्तिका असेल आणि तिच्यातला क्रमांक पदकाशी जुळत असेल, तर मूल्य अनेक पटींनी चढते. पुस्तिकेत नाव आणि पद असते, म्हणजे पदक कोणाचे हे सांगता येते. एखाद्या नामवंताचे ठरले तर लिलावातली बोली कुठल्या कुठे जाते. कागदाविना सोन्या-चांदीचा तुकडा उरतो, आणि त्याची किमान किंमत वजनाने ठरते. सामान्य जयंतीपदके आजही एखाद्या पुस्तकाच्या भावात मिळतात. सुखबातर मानचिन्हासारखे अस्सल नमुने मात्र लाखो रुपयांत जातात.

दुर्मीळता आणि देखणेपणा यांची गल्लत होऊ नये म्हणून ‘आल्दार्त एख’ (कीर्तिवंत माता) हे उदाहरण पाहावे. १९५७ मध्ये लोकसंख्या वाढवण्यासाठी ते सुरू झाले. तेव्हा पहिल्या श्रेणीसाठी आठ आणि दुसऱ्यासाठी पाच मुले लागत. हा मान आजही दिला जातो. पदक सुंदर आहे, पण घरोघरी आहे. स्वस्त असल्याने नवखे त्याच्या ढीगभर प्रती घेतात आणि मग त्या विकत बसतात.

गुंतवणुकीचा प्रश्न याच ठिकाणी अडतो. १९९० नंतरच्या आर्थिक ओढगस्तीत अनेक कुटुंबांनी घरची पदके विकली. तेव्हा घेतलेल्यांना पुढे खाणकामाच्या भरभराटीचा फायदा मिळाला असेल, कारण मंगोलियाची अर्थव्यवस्था २०११ मध्ये १७.३ टक्क्यांनी वाढली आणि आपल्या आजोबांची पदके परत मिळवण्याची इच्छा असलेल्यांच्या हातात पैसा आला. पण बाजार पातळ आहे. वर्षभरात मोजकेच चांगले नमुने लिलावात येतात, एका श्रीमंत खरेदीदाराच्या येण्या-जाण्याने भाव हलतात, आणि लिलावघर घेणाऱ्याकडून व देणाऱ्याकडून दोन्हीकडे कमिशन घेते. त्यामुळे घेतलेल्या भावाला विकले तरी नुकसान होते. पदकावर व्याज मिळत नाही, लाभांश नाही, आणि ‘आज पैसे हवेत’ म्हटल्यावर दुकानात नेऊन देता येत नाही. अशा वस्तूला शेअर किंवा सोन्याच्या रांगेत बसवणे हा निव्वळ विक्रेत्याचा युक्तिवाद आहे.

कायद्याची बाजूही हलकी नाही. रशियात सोव्हिएत राज्यसन्मानांच्या बेकायदा खरेदी-विक्रीला फौजदारी कलम आहे, त्यामुळे तिथून येणाऱ्या मिश्र गठ्ठ्याबाबत सावध राहावे लागते. भारतातील संग्राहकाने १९७२ चा पुरावशेष कायदा लक्षात ठेवावा. शंभर वर्षे जुन्या वस्तूला तो पुरावशेष मानतो आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर पाठवू देत नाही. म्हणजे बोग्द खानाच्या काळातील वज्रांकित मानचिन्ह पुण्या-मुंबईत आणले, तर त्याचे खरे गिऱ्हाईक उलानबातर किंवा मॉस्कोत असले तरी विक्री भारतातच करावी लागेल. आणि मंगोलियन पदकांचा जाणकार खरेदीदार भारतात शोधणे, हे त्या मानचिन्हाचा शोध घेण्याहून अवघड काम आहे.