बोअर कुणाचा, पाणी कुणाचं?

लातूर-धाराशिवकडे बांधाला लागून दोन बोअर असले की भांडण ठरलेलं. एकाला दोनशे फुटांवर पाणी लागलं. शेजाऱ्याने सहाशे फूट खाली नेलं आणि पहिल्याची मोटार हवा ओढू लागली. आपल्या काळ्या बेसाल्टात पाणी असतं ते वरच्या मुरमात आणि भेगांत, आणि भेग काही सातबारा पाहत नाही. उपसा सुरू झाला की बोअरभोवतीची पाणीपातळी नरसाळ्यासारखी खचते. दोन नरसाळी एकमेकांत शिरली की उथळ बोअर आधी कोरडा.

हा तंटा सरकारविना मिटवायचा, इथवर बरेच लिबर्टेरियन (व्यक्तीचं स्वातंत्र्य सर्वांत वर मानणारे) आणि अराज्यवादी बरोबर चालतात. (अराज्य म्हणजे अंदाधुंदी नव्हे, व्यवस्था हवी, वरची सत्ता नको.) मुळात ते भाऊबंदच. 'लिबर्टेर' हा शब्द या अर्थाने १८५७ साली जोसेफ देजाक या फ्रेंच अराज्यवाद्याने प्रूधाँ या दुसऱ्या अराज्यवाद्याला लिहिलेल्या पत्रात वापरला. विसाव्या शतकात अमेरिकेतल्या खुल्या बाजाराच्या समर्थकांनी तो उचलला. १९७१ साली त्या नावाचा पक्षही निघाला.

वाटणी झाली मालकीवरून. अमेरिकन लिबर्टेरियन अर्थतज्ज्ञ मरे रॉथबार्ड यांच्या मते ज्याने आधी वापरात आणलं, हक्क त्याचा, आणि तो विकताही येतो; पोलीस-कोर्टसुद्धा खासगी. म्हणजे दोनशे फूटवाला जिंकला. लिबर्टेरियन तत्त्वज्ञ रॉबर्ट नोझिक पोलीस-कोर्टापुरतं राज्य ठेवतात. रशियन अराज्यवादी क्रोपोत्किनच्या वाटेने गेलं तर पाणी गावाचं, गरजेप्रमाणे वाटायचं. आणि १८८२ चा सुविधाधिकार कायदा? तो जमीनमालकाला आपल्या हद्दीतलं भूजल उपसू देतो. सहाशे फूटवाला खुशीत!

आपली सामाईक विहीर मात्र कुठल्याच खान्यात नीट बसत नाही. हिस्सा आण्यांत, खासगी, कागदावर लिहिलेला. पाळी भावकीने ठरवलेली. आठ दिवसांचा फेर असेल तर चार आणेवाल्याला दोन दिवस. बिघडतं ते लाईटमुळे. पाळी तारखेवर बांधली आणि थ्री-फेज गेली की त्याचे दोन्ही दिवस वाया. म्हणून पाळी मोटार चाललेल्या तासांवर धरावी.

अमेरिकन राज्यशास्त्रज्ञ एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९६५ च्या प्रबंधात लॉस एंजेलिसजवळचं भूजल अभ्यासलं. तिथे उपसा करणाऱ्यांनीच आपापसात कपात ठरवली, पण शिक्का कोर्टाचा घेतला आणि मोजदादीला माणूस नेमला. अडतं ते मोजण्यातच. विहिरीत डोकावलं की उरलेलं पाणी दिसतं. बोअरमध्ये दोरी सोडावी लागते, आणि केसिंगवर (बोअरच्या तोंडच्या पाइपवर) झाकण घट्ट बसवलं की शेजाऱ्याला तेही जमत नाही.