गर्भाशयमुख कर्करोगाची चाळणी तपासणी

कोणतीही तक्रार नसलेल्या प्रौढ स्त्रियांमध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची पूर्वावस्था शोधण्यासाठी ठरावीक वर्षांनी करावयाची तपासणी. बोलीभाषेत ‘पिशवीच्या तोंडाची तपासणी’. पाळी गेल्यावर पुन्हा रक्तस्राव, संबंधानंतर रक्त किंवा अंगावरून दुर्गंधीयुक्त पाणी जाणे अशी तक्रार असलेल्या स्त्रीची तपासणी निदानासाठी असते. तिने चाळणीच्या वेळापत्रकासाठी थांबायचे नसते. पूर्वावस्थेपासून कर्करोग होण्यास बहुधा दहा किंवा त्याहून अधिक वर्षे लागतात. चाळणीला वाव मिळतो तो या संथपणामुळे.

उगम : पेशींच्या लेपावरून हा कर्करोग ओळखण्याचे श्रेय कोणाचे, हा वाद अजून पुरता मिटलेला नाही. बुखारेस्ट येथील ऑरेल बाबेश यांनी जानेवारी १९२७ मध्ये रुमानियातील स्त्रीरोगतज्ज्ञांच्या सभेत आपली पद्धत मांडली आणि एप्रिल १९२८ मध्ये ती फ्रेंच नियतकालिकात प्रसिद्ध केली. जॉर्ज पापानिकोलाऊ यांचा निबंध जानेवारी १९२८ मध्ये अमेरिकेत बॅटल क्रीक येथील परिषदेत वाचला गेला. म्हणजे मांडणीत बाबेश पुढे, तर १९२८ च्या दोन नोंदींत पापानिकोलाऊ. एकाने दुसऱ्याचे उचलले असा आरोप अधूनमधून होतो; पण दोघांच्या कृती इतक्या वेगळ्या आहेत की स्वतंत्र शोध मानणेच अधिक सयुक्तिक वाटते. बाबेश प्लॅटिनमच्या तारेच्या फासाने थेट गर्भाशयमुखावरून पेशी घेत आणि लेप वाळवून गीम्सा रंगाने रंगवीत. पापानिकोलाऊ काचनळीने योनीतील स्राव ओढून घेत आणि ओला लेपच अल्कोहोल-ईथरमध्ये स्थिर करीत. गिनीपिगांच्या ऋतुचक्राच्या अभ्यासातून त्यांना ही सवय लागली होती. हर्बर्ट ट्राउट यांच्यासह १९४१ मध्ये लिहिलेला लेख आणि १९४३ चा ग्रंथ यांनंतरच वैद्यकविश्वाने चाचणीची दखल घेतली. जे. अर्नेस्ट एअर यांनी १९४७ मध्ये लाकडी पट्टी आणली आणि नमुना पुन्हा थेट मुखावरून घेतला जाऊ लागला. आजच्या ‘पॅप’ (पापानिकोलाऊ यांच्या नावावरून) चाचणीत नमुन्याची जागा बाबेश यांची आणि रंजन पापानिकोलाऊ यांचे आहे. रुमानियात तिला दोघांचेही नाव देतात.

चाचण्या : पॅप चाचणीला प्रशिक्षित पेशीतज्ज्ञ आणि अहवालासाठी दुसरी खेप लागते. ‘व्हीआयए’मध्ये ३ ते ५ टक्के ॲसिटिक आम्लाचा बोळा मुखावर लावून सुमारे एक मिनिटाने उघड्या डोळ्यांनी पाहतात. दोन प्रकारच्या आवरणांच्या सीमेला लागून ठळक, घट्ट पांढरा डाग उमटला तर चाचणी होकारार्थी; फिकट, पसरट पांढुरकेपणा धरत नाहीत. परिचारिकेला हे शिकवता येते आणि निकाल जागच्या जागी कळतो. मात्र पाळी गेल्यानंतर ही सीमा नलिकेत आत सरकते, त्यामुळे पन्नाशीपुढे ही चाचणी भरवशाची राहत नाही. तिसरी, या कर्करोगाला कारणीभूत असलेल्या एचपीव्ही (ह्यूमन पॅपिलोमा) विषाणूची डीएनए चाचणी. हाराल्ड त्सुर हाउसेन यांच्या गटाने १९८३ मध्ये या कर्करोगात एचपीव्ही-१६ हा त्याचा प्रकार दाखवला. त्यासाठी त्यांना २००८ चे नोबेल मिळाले.

महाराष्ट्रातील पुरावा : उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यातील चाचणीप्रयोग या विषयात जगभर उद्धृत होतो. बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय, टाटा स्मारक केंद्र आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी ५२ गावसमूहांतील ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया चार गटांत विभागल्या : एचपीव्ही, पॅप, व्हीआयए आणि तपासणी न दिलेला तुलनागट. बार्शीची ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ पासून चालू असल्याने मृत्यूंचा माग ठेवता आला. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार एचपीव्ही गटात या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले, तुलनागटात ६४. पॅप आणि व्हीआयए गटांत मृत्यू लक्षणीय घटले नाहीत. एचपीव्ही नकारार्थी स्त्रियांत पुढे कर्करोगाचे वार्षिक प्रमाण लाखात ३.७ होते, पॅप नकारार्थींत १५.५, व्हीआयए नकारार्थींत १६.०.

दिंडीगुल (तमिळनाडू) येथे मात्र एकाच व्हीआयए फेरीने मृत्यू ३५ टक्के घटले, आणि मुंबईच्या वस्त्यांत दर दोन वर्षांच्या फेऱ्यांनी ३१ टक्के. विसंगतीचे कारण तपासणाऱ्यांच्या कौशल्यातील फरक असावे, असे मानले जाते. चाचणी परवडत असेल तर कौल एचपीव्हीकडे झुकतो. या प्रयोगांतील तुलनागटांना तपासणी दिली नव्हती, यावर पुढे नैतिक आक्षेप घेतले गेले. ते दुर्लक्षणीय नाहीत.

कोणी, केव्हा : भारत सरकारच्या २०१६ च्या आराखड्यानुसार ३० ते ६५ वयात दर पाच वर्षांनी व्हीआयए. जागतिक आरोग्य संघटना (२०२१) ३० पासून दर पाच ते दहा वर्षांनी एचपीव्ही चाचणी सुचवते. एचआयव्हीबाधित स्त्रियांसाठी २५ पासून, दर तीन ते पाच वर्षांनी. तिशीआधीचा संसर्ग बहुतेकदा एक-दोन वर्षांत आपोआप निवळतो, म्हणून त्या वयात एचपीव्ही चाचणीने विनाकारण उपचार वाढतात. कर्करोगाशी संबंध नसलेल्या कारणाने मुखासह पिशवी काढली असेल आणि पूर्वी पूर्वावस्था आढळली नसेल तर तपासणी नको; मुख ठेवून काढली असेल तर हवी. ‘पिशवी काढली’ एवढ्यावरून हे कळत नाही, शस्त्रक्रियेचा कागद पाहावा लागतो.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ मध्ये ३० ते ४९ वयाच्या केवळ १.९ टक्के स्त्रियांनी ही तपासणी कधीतरी करून घेतल्याचे आढळले. एचपीव्हीची लस घेतलेल्यांनाही तपासणी सुटत नाही, कारण लस सर्वच घातक प्रकारांपासून संरक्षण देत नाही.