धोका-निवारण आराखड्यातला लोकसहभाग

पूर, भूकंप, दरड, वणवा, वादळ हे सगळं येणारच, पण त्यातनं होणारं नुकसान आधीच कमी कसं करायचं हे ठरवणारा कागद म्हणजे स्थानिक मिटिगेशन प्लॅन, सरकारी मराठीत आपत्ती सौम्यीकरण आराखडा. तो बनवताना तिथं राहणाऱ्यांना सोबत घेतलं की त्याला लोकसहभाग म्हणतात. संकट आल्यावर बोटी काढणं, जेवणाची पाकिटं वाटणं हे मदतकार्य, ते वेगळं. इथलं काम आधीचं असतं, नाल्याकाठची घरं हलवायची का, रस्त्याखालची मोरी मोठी करायची का, शाळेची इमारत भूकंपात टिकेल अशी मजबूत करायची का, आणि पैसे कमी असले तर यातलं आधी काय. हे "आधी काय" एकट्या इंजिनिअरला ठरवता येत नाही, कारण त्याची किंमत कोणाच्या तरी घरादाराने मोजलेली असते.

लोक सगळ्यात जास्त उपयोगी पडतात ते नकाशा बनवताना. कॉम्प्युटरवरचं मॉडेल नदी किती चढेल ते बऱ्यापैकी सांगतं, पण कचऱ्याने तुंबलेली मोरी किंवा कोणीतरी मध्येच बांधलेली कंपाउंड वॉल त्याला कोणी सांगितल्याशिवाय कळत नाही. म्हणून चांगल्या मीटिंगमध्ये भाषण न करता टेबलावर मोठा प्रिंट पसरतात आणि लोकांच्या हातात स्केचपेन देतात, मग एखादी आजी आपल्या घरावर बोट ठेवून सांगते की अहो, पाणी नदीकडनं येतच नाही, मागच्या गटारातनं उलटं येतं, आणि सगळ्यात आधी इथं येतं. त्याच टेबलावर कळतं की वरच्या मजल्यावर कोण एकटं राहतं आणि कोणाला जिना उतरता येत नाही. हे कुठल्याच डेटात नसतं.

लोकांच्या आठवणीला किती वजन असतं ते इंडोनेशियातल्या सिमेउलुए बेटावर दिसलं. तिथं 1907 च्या त्सुनामीची आठवण "स्मोंग" या शब्दात आणि गाण्यागोष्टींत पिढ्यानपिढ्या जपलेली होती, जमीन जोरात हलली आणि समुद्र मागे सरला की डोंगराकडे पळायचं. 26 डिसेंबर 2004 च्या मोठ्या भूकंप-त्सुनामीच्या वेळी बेट भूकंपाच्या केंद्राच्या अगदी जवळ होतं, तरी सुमारे 78,000 लोकवस्तीत अवघे 7 मृत्यू झाले असं सांगतात.

कायद्यातही ही गोष्ट आली आहे. अमेरिकेत 2000 च्या डिझास्टर मिटिगेशन ॲक्टनंतर मिटिगेशनचा बराचसा केंद्रीय निधी मिळवायचा तर आधी मंजूर स्थानिक प्लॅन लागतो, तो दर 5 वर्षांनी नव्याने करावा लागतो, आणि लोकांना मत मांडायची संधी मसुदा बनत असताना आणि मंजुरीच्या आधी द्यावीच लागते. आपत्तीचा धोका कमी करण्यासाठी संयुक्त राष्ट्रांनी केलेल्या 2015 ते 2030 साठीच्या सेंदाई आराखड्यातही महिला, मुलं, अपंग आणि वयस्कर लोकांना नियोजनात घ्या असं म्हटलंय.

पण संधी देणं आणि ऐकणं यात फार अंतर आहे. अमेरिकन अभ्यासक शेरी आर्नस्टाइन यांनी 1969 मध्ये लोकसहभागाची 8 पायऱ्यांची शिडी मांडली, खाली लोकांना नुसतं गुंडाळणं, मध्ये माहिती देणं नि मत विचारणं, वरती खरा अधिकार. बरेच प्लॅन मधल्या पायऱ्यांवरच अडकतात, सगळं ठरल्यावर हरकती-सूचना मागवतात, आणि तेव्हा आलेली सूचना कितीही बरोबर असली तरी फाइलमध्येच राहते. माझ्या मते पहिली मीटिंग नकाशा कोरा असतानाच व्हायला हवी.

शिवाय मीटिंगला येतं कोण? कामाच्या दिवशी भर दुपारी ठेवली तर रोजंदारीवाले, रात्रपाळीवाले, लहान मुलांच्या आया, भाडेकरू, तिथली भाषा न येणारे कोणीच येत नाहीत, आणि बहुतेकदा पाणी आधी यांच्याच घरात शिरतं. म्हणून संध्याकाळची वेळ, मुलं सांभाळायची सोय, दुभाषा आणि जे येऊ शकत नाहीत त्यांच्या दारात जाणं हे सगळं प्लॅनच्या बजेटमध्येच धरावं लागतं. काही घरमालक तर मुद्दाम गप्प बसतात, घर पूररेषेत दाखवलं तर भाव पडेल ही भीती असते आणि ती खोटी नाही, तिच्यावर उघडपणे बोलावंच लागतं.

प्लॅन मंजूर झाला की कुठली सूचना घेतली, कुठली नाही आणि का, हे लिहून लोकांना परत सांगायचं असतं. बहुतेक ठिकाणी हेच राहून जातं, आणि मग पुढच्या वेळी बोलावलं तरी तीच माणसं येत नाहीत.