घरपट्टीच्या बिलावर अजून वडिलांचंच नाव? वारस नोंदीचा अर्ज असा करा

घरपट्टीचं बिल येतं, आपण मोबाइलवरून भरून टाकतो, लवकर भरल्याची सूट मिळाली का तेवढं बघतो. वरचं नाव कुणी वाचत नाही. ते नाव आठ-दहा वर्षांपूर्वी गेलेल्या वडिलांचं असतं. मग एक दिवस सोसायटी पुनर्विकासाला निघते, घर विकायचं ठरतं किंवा बँक कर्जासाठी कागद मागते आणि घरात शोधाशोध सुरू होते. तोवर आईही गेलेली असते, बहीण न्यू जर्सीत असते आणि भावाशी बोलणं बंद झालेलं असतं. वडील गेल्यावर लगेच केली असती तर दोन-तीन चकरांत झाली असती अशी नोंद आता दोन पिढ्यांची होऊन बसते.

पुणे, ठाणे, नाशिक, नागपूर, कोल्हापूर अशा मुंबईबाहेरच्या सगळ्या महापालिकांना महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ लागू आहे. खालची माहिती मुख्यतः त्यांच्या हद्दीसाठी आहे. मुंबईचा कायदा १८८८ चा, वेगळा. शिवाय तिथे बऱ्याच गृहनिर्माण संस्थांना बिल संपूर्ण इमारतीचं, संस्थेच्या नावे येतं. तिथल्या सदनिकाधारकाला महापालिकेकडे नाव बदलायचं कामच नसतं, संस्थेच्या दप्तरी नाव लागलं की झालं. नगरपालिका आणि नगरपंचायतींना १९६५ चा अधिनियम आहे, पण कागद जवळपास हेच लागतात.

नोंद कशाची आणि किती दिवसांत

१९४९ च्या अधिनियमाला जोडलेल्या अनुसूची ‘ड’ मध्ये कराधानाचे नियम आहेत. त्यांनुसार मिळकत विकली, बक्षीस दिली किंवा अन्य रीतीने हस्तांतरित झाली, तर तीन महिन्यांत महापालिकेला लेखी कळवायचं असतं. कर भरण्याची जबाबदारी असलेली व्यक्ती मरण पावली, तर ज्याच्याकडे मिळकत आली त्याने एका वर्षात कळवायचं असतं. वर्ष उलटलं म्हणून वारसाहक्क बुडत नाही, नोंद नंतरही होते. फक्त कागद वाढतात आणि माणसं कमी होतात.

विक्रीच्या बाबतीत हा नियम विकणाऱ्याने जास्त मनावर घ्यावा. महापालिकेला कळवलं नाही तर कराची जबाबदारी जुन्या मालकाच्या डोक्यावर राहते. खरेदीदार नाव लावून घेईल असं म्हणून गप्प बसू नका.

आता एक गोष्ट आधीच स्पष्ट करून टाकतो, कारण अर्ध्या भांडणांचं मूळ तिथे असतं. घरपट्टीला नाव लागलं म्हणजे घर नावावर झालं असं नाही. कर कुणाकडून वसूल करायचा याची ती महापालिकेची नोंद आहे. मालकी ठरते ती खरेदीखत, वाटणीपत्र, मृत्युपत्र आणि वारसा कायदा यांवर. त्यामुळे एका भावाने परस्पर नाव लावून घेतलं म्हणून बाकीच्यांचा हिस्सा जात नाही. उलट, सगळ्यांच्या संमतीने एकट्या आईचं नाव लावलं तरी मुलांचा हक्क शाबूत राहतो. हे समजावून सांगितलं की घरातला ताण बराच सैल पडतो, आणि सह्या मिळतात.

मिळकत पत्रिका, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड, नगर भूमापन कार्यालयात असते, सातबारा तलाठ्याकडे असतो, भागप्रमाणपत्र सोसायटीकडे आणि वीजबिल वीज कंपनीकडे. एका ठिकाणी नाव लागलं म्हणून दुसरीकडे आपोआप लागत नाही. प्रत्येक ठिकाणी वेगळा अर्ज.

वारस कोण, हे आधी कागदावर मांडा

अर्जापेक्षा जास्त वेळ इथे द्या. हिंदू पुरुष मृत्युपत्र न करता वारला तर हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ नुसार वर्ग १ चे वारस म्हणजे पत्नी, मुलगे, मुली आणि त्याची आई. त्याच्या आधी वारलेल्या मुलाची किंवा मुलीची अपत्येही त्यांच्या हिश्शाची वारस, आणि आधी वारलेल्या मुलाची विधवाही. दोन नावं हमखास राहून जातात. एक लग्न झालेली मुलगी. ‘तिचं लग्न झालं, तिला दिलं-घेतलं’ हे कायद्याला मान्य नाही, ती १९५६ पासूनच वर्ग १ ची वारस आहे. दुसरी, मृताची आई. मुलगा आधी गेला आणि आजी हयात असेल, तर तिचाही नातवंडांच्या बरोबरीने एक हिस्सा असतो. वडील मात्र वर्ग २ मध्ये येतात. घर आईच्या नावावर असेल आणि ती वारली, तर पहिले वारस मुलगे, मुली आणि पती. मुस्लिम, ख्रिस्ती आणि पारशी कुटुंबांना त्यांचे वेगळे वारसा नियम आहेत.

सोसायटीत नामनिर्देशन केलेलं आहे, मग वारसांचं काय काम, असं अनेकजण विचारतात. नामनिर्देशित व्यक्ती मालक होत नाही. सहकारी संस्था अधिनियमात २०१९ साली आलेल्या १५४ ब-१३ या कलमानेही तिला फक्त तात्पुरतं सदस्यत्व दिलं आहे. वारस ठरेपर्यंत ती सगळ्यांच्या वतीने जागा सांभाळते.

मृत्युपत्र असेल तर काम सोपं. ते नोंदणीकृतच असलं पाहिजे असं बंधन नाही, दोन साक्षीदारांच्या सह्या मात्र हव्यात. नोंदणीकृत असेल तर खिडकीवर प्रश्न कमी विचारतात, हे अनुभवाने सांगतो.

एखाद्या वारसाला हिस्सा नको असेल तर संमतीपत्र आणि हक्कसोडपत्र यांतला फरक लक्षात घ्या. ‘घरपट्टीला भावाचं नाव लावायला माझी हरकत नाही’ हे संमतीपत्र, त्याने हक्क सुटत नाही. हक्क खरोखर सोडायचा तर दुय्यम निबंधकाकडे नोंदणी केलेलं हक्कसोडपत्रच लागतं. वडिलोपार्जित मिळकतीत जवळच्या नात्यात, मोबदला न घेता ते केलं तर मुद्रांक शुल्क आता ५०० रुपये आहे. ऑक्टोबर २०२४ पर्यंत ते २०० होतं. घाईत नोटरीकडचं ‘हक्कसोडपत्र’ करून घेऊ नका. स्थावर मिळकतीपुरतं त्याला काही वजन नाही.

परदेशातल्या वारसाने भारतीय वकिलातीत किंवा तिथल्या नोटरीसमोर सही करून, अपोस्टिल (कागद खरा असल्याचा त्या देशाच्या सरकारचा शिक्का) लावून कागद पाठवावा. मुखत्यारपत्र बाहेर करून पाठवलं असेल, तर ते महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर इथलं मुद्रांक शुल्क भरून घ्यायचं. ही तारीख चुकवणारे फार.

वारसांत वाद असेल तर महापालिका न्यायनिवाडा करत बसत नाही, न्यायालयात पाठवते. तिथे १८२७ च्या मुंबई विनियम ८ खाली वारस दाखला मिळतो. बँकेतल्या ठेवी आणि शेअरसाठी लागणारं सक्सेशन सर्टिफिकेट हा वेगळा कागद आहे. घरासाठी तो काढून आलेली माणसं मी हताश होऊन परत जाताना पाहिली आहेत.

फाईलमध्ये काय लावायचं

सगळ्यात आधी मृत्यूचा दाखला. मृत्यू जिथे झाला तिथल्या स्थानिक संस्थेकडे तो मिळतो, राहत्या गावी नाही. घर कोथरूडला आणि निधन पिंपरीच्या रुग्णालयात, तर दाखला पिंपरी-चिंचवड महापालिकेचा. २१ दिवसांत नोंद झाली तर विलंब शुल्क नाही. एक वर्ष उलटलं आणि मृत्यूची नोंदच झाली नसेल, तर दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय ती होत नाही. दाखल्याच्या सहा-सात प्रती एकदमच घ्या. बँक, पेन्शन, सोसायटी, वीज, सगळीकडे लागतात.

त्यासोबत महापालिकेचा नाव हस्तांतरणाचा नमुना अर्ज, चालू वर्षाचं बिल आणि भरल्याची पावती, मिळकतीचा मूळ दस्त आणि सूची २ (दस्त नोंदणीचा उतारा, म्हणजे इंडेक्स टू), सोसायटी असेल तर तिचं पत्र आणि भागप्रमाणपत्राची प्रत, सगळ्या वारसांचं प्रतिज्ञापत्र, ज्यांचं नाव लागणार नाही त्यांची संमती आणि प्रत्येकाचा ओळखीचा पुरावा. मृत्युपत्र असेल तर त्याची प्रत. थकबाकी असेल तर ती आधी भरावी लागते. थकलेल्या रकमेवर महिन्याला दोन टक्के शास्ती चढत असते, म्हणून ‘नाव लागल्यावर भरू’ हा हिशेब महागात पडतो. हस्तांतरणाची फी प्रत्येक महापालिका स्वतः ठरवते, आणि वारस नोंदीची फी खरेदीच्या नोंदीपेक्षा वेगळी असू शकते. खिडकीवर ‘वारसाने’ असं स्पष्ट सांगा.

प्रतिज्ञापत्राच्या स्टॅम्पबद्दल दोन शब्द. शासकीय कार्यालयांत आणि न्यायालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्रांवरचं मुद्रांक शुल्क २००४ पासून माफ आहे. कायद्याने प्रतिज्ञापत्र सक्तीचं नसेल तिथे साध्या कागदावरचं स्वघोषणापत्र आणि स्वतः साक्षांकित केलेल्या प्रती चालतात, असा शासन निर्णय ९ मार्च २०१५ चा आहे. तरी बाहेरच्या टेबलावरचा माणूस ५०० चा स्टॅम्प हातात ठेवतोच. आधी आत विचारा, मग कागद घ्या.

अर्ज परत येण्याचं सगळ्यात मोठं कारण कायद्याचं नसतं, नावाचं असतं. बिलावर ‘दत्तात्रय’, दाखल्यावर ‘दत्तात्रेय’, आधारवर ‘दत्ता’. बिलावर नुसतंच ‘आण्णा पाटील’, कारण १९८० साली आकारणी करायला आलेल्या कर्मचाऱ्याला शेजाऱ्याने तसं सांगितलं होतं. गेलेला माणूस राजपत्रात नाव बदलू शकत नाही. मग वारसांनी ‘ही सर्व नावे एकाच व्यक्तीची’ असं प्रतिज्ञापत्र करायचं आणि दोन्ही नावं असलेला एखादा जुना कागद जोडायचा: शाळा सोडल्याचा दाखला, सेवापुस्तकाचं पान, जुनी शिधापत्रिका. मुलींच्या बाबतीत माहेरचं आणि सासरचं नाव जोडणारा विवाह नोंदणी दाखला लावा. सगळे कागद टेबलावर पसरून नावं अक्षरन् अक्षर ताडून बघा. अर्धा तास लागतो, पण दोन महिने वाचतात.

अर्ज, पोच आणि पुढचा पाठपुरावा

अर्ज क्षेत्रीय कार्यालयातल्या करआकारणी व करसंकलन विभागात किंवा नागरी सुविधा केंद्रात द्यायचा. बहुतेक मोठ्या महापालिकांनी संकेतस्थळावरही सोय केली आहे. अर्जात मिळकत क्रमांक अचूक लिहा. मिळकत क्रमांक एकच असेल आणि खाली दोन भाडेकरू आणि वर आपण राहत असू, तर भोगवटादार कोण आणि कर भरणारा कोण हेही त्याच वेळी तपासून घ्या.

पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. ‘साहेबांना दाखवतो, मग नंबर देतो’ हे उत्तर ऐकून घ्यायचं नाही. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली अर्जाची तारीख आणि क्रमांक असलेली पोच देणं बंधनकारक आहे, आणि मुदतीचं घड्याळ त्या तारखेपासून चालतं. वारसाने किंवा दस्तऐवजाच्या आधारे हस्तांतरणाची नोंद ही अधिसूचित सेवा आहे आणि तिला मुदत १५ दिवसांची आहे. कराचा उतारा आणि थकबाकी नसल्याचा दाखला यांना प्रत्येकी ३ दिवस. कार्यालयाच्या दर्शनी भागात सेवा, मुदत, फी, पदनिर्देशित अधिकारी (सेवा देण्याची जबाबदारी असलेला) आणि अपिलीय अधिकारी यांचा फलक असावा लागतो. त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. मात्र घड्याळ पूर्ण भरलेल्या अर्जासाठीच चालतं. एक कागद कमी असेल तर मुदतीचा आग्रह धरता येत नाही, म्हणून त्रुटी असेल तर ती लेखी मागा.

मुदत गेली किंवा अर्ज नाकारला, तर ३० दिवसांत पहिलं अपील त्याच महापालिकेतल्या प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे. तिथे समाधान झालं नाही तर पुढच्या ३० दिवसांत दुसरं अपील, आणि तिसरं ६० दिवसांत महाराष्ट्र राज्य सेवा हक्क आयोगाकडे. अपील म्हटलं की वकील डोळ्यांपुढे येतो, पण इथे त्याची गरज नाही. पोचेची प्रत आणि एक पानी अर्ज पुरतो. सबळ कारणाशिवाय सेवा न देणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये शास्ती होऊ शकते. तिथवर फार कमी प्रकरणं जातात. ‘पहिलं अपील करणार आहे, अपिलीय अधिकारी कोण?’ एवढं शांतपणे विचारलं तरी फाईल बऱ्याचदा सापडते.

नोंद झाल्यावर आदेशाची किंवा नोंदीची प्रत घ्या आणि पुढचं बिल नीट वाचा. नावाचं शुद्धलेखन, क्षेत्रफळ, निवासी की बिगरनिवासी, मोबाइल क्रमांक. पुण्यात असाल तर स्वतः राहत असलेल्या घराची ४० टक्के सवलत नव्या नावावरही चालू आहे ना, ते मुद्दाम बघा. नसेल तर पीटी-३ अर्ज राहत असल्याच्या पुराव्यासह द्यावा लागतो. बिलात चूक दिसली तर त्याच आठवड्यात लेखी दुरुस्ती मागा, आणि त्या अर्जाचीही पोच घ्या.