बोट फिरवल्याशिवाय कळत नाही

सांगलीत आमच्या गिरणीत शाळू दळायला टाकला की मामा पडत्या पिठाखाली डावा हात धरतात. चिमटीत आलेलं पीठ अंगठ्यानं दोनदा चोळतात आणि दगड किंचित जवळ घेतात. पिठाकडे बघतसुद्धा नाहीत. "भरड आलं तर भाकरी चिरती, मग बायका आमालाच बोलत्यात," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

परवा त्याच गिरणीच्या भिंतीवर एक पत्रक दिसलं. मुलांचा 'मिडब्रेन', म्हणजे मेंदूचा मधला भाग, जागा करून देतात म्हणे, मग डोळ्यांवर पट्टी बांधून मुलं नुसत्या स्पर्शानं रंग ओळखतात, पुस्तकं वाचतात! दाभोलकरांच्या साताऱ्यापासून शे-सव्वाशे किलोमीटरवर हे चाललंय. बोटाकडून रंगाची खबर मेंदूकडे नेणारी व्यवस्था शरीरात नाही. पट्टी आणि नाक यांच्यामध्ये फट मात्र असते. ती कणकेनं बुजवली की सगळी विद्या संपते. खरी करामत त्या पत्रकाखाली उभं राहून मामा करत होते.

ती समजायची तर हार्डवेअरच्या दुकानातून पॉलिश पेपरचे दोन तुकडे आणा, एक ४०० नंबरचा आणि एक १००० नंबरचा. डोळे मिटून दोन्हींवर बोट नुसतं टेकवा, हलवू नका. कुठला बारीक, सांगणं अवघड जातं. आता बोट जरासं फिरवा. लगेच कळतं! मार्क हॉलिन्स आणि एस. आर. रिसनर यांनी २००० साली साधारण असाच प्रयोग काटेकोरपणे केला. जाड खरखर थांबलेल्या बोटालाही कळली, बारीक खरखर फिरवल्याशिवाय कळली नाही. डेव्हिड काट्झ या जर्मन मानसशास्त्रज्ञानं १९२५ सालीच हे सुचवून ठेवलं होतं. पोत ओळखायच्या आपल्याकडे दोन तऱ्हा आहेत.

पहिली सोपी. एका तळहातात स्पर्शाचे सुमारे १७,००० मज्जातंतू येतात. त्यातले काही त्वचेतल्या मर्केल नावाच्या पेशींशी जोडलेले असतात, आणि कुठे दाब आहे नि कुठे नाही याचा नकाशा ते मेंदूकडे पाठवतात. ब्रेल वाचताना मुख्यतः हेच कामाला येतात. ब्रेलचे ठिपके एकमेकांपासून अडीच मिलिमीटरवर असतात. हा नकाशा मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्यापर्यंत कसाबसा पुरतो. त्याहून बारीक काही आलं की तो धूसर होतो.

तिथून पुढे दुसरी तऱ्हा. तिच्या मुळाशी पॅसिनी कणिका, माझ्या खास लाडक्या! त्वचेच्या खालच्या थरात मिलिमीटरभर लांबीचा एक इवलासा कांदा असतो. अगदी कांद्यासारखेच एकावर एक पापुद्रे, आणि मधोमध मज्जातंतूचं टोक. बोट नुसतं दाबून ठेवलं तर पापुद्रे एकमेकांवर सरकून तो दाब पचवून टाकतात, आतल्या टोकाला काही कळत नाही. पण भराभर थरथर आली तर तिला सावरून घ्यायला पापुद्र्यांना वेळच मिळत नाही. ती थेट आत पोचते, टोकाचं आवरण ताणलं जातं, त्यातली दारं उघडतात, सोडियमचे आयन आत शिरतात आणि विजेचा एक स्पंद सुटतो. (स्पर्शाच्या अशा एका दाराचं, 'पिएझो-२' नावाच्या प्रथिनाचं, काम उलगडल्याबद्दल आर्डेम पटापुटियन यांना २०२१ साली नोबेलमध्ये वाटा मिळाला.) सेकंदाला २०० ते ३०० वेळा होणारी थरथर या कांद्याला सर्वांत चांगली कळते.

आता हिशेब करा. साध्या सुती कापडात सेंटिमीटरला २५ धागे धरा, म्हणजे दर ०.४ मिलिमीटरला एक. त्यावरून बोट सेकंदाला ८ सेंटिमीटर फिरवलं तर सेकंदाला २०० धागे बोटाखालून जातात. दुकानात कापड बघताना आपण साधारण याच बेतानं हात फिरवतो!

पण स्पंद तर सगळे एकसारखेच. एडगर एड्रियन यांनी १९२० च्या दशकात दाखवलं की जोरात दाबलं म्हणून स्पंद मोठा होत नाही, स्पंद जास्त वेळा येतात. १९३२ चं नोबेल त्यांना मिळालं ते मज्जापेशींच्या कामाबद्दलच. मग एकाच आकाराच्या स्पंदांमधून मखमल वेगळी आणि खादी वेगळी कशी कळते? शिकागो विद्यापीठात स्लिमान बेन्समाया यांच्या गटानं फिरत्या ड्रमवर कापडं, सँडपेपर वगैरे ५५ पृष्ठभाग लावले, ते माकडांच्या बोटांवरून फिरवले आणि एकेका मज्जातंतूतले स्पंद नोंदवले. तोच पोत पुन्हा आला की स्पंदांची तीच ओळ उमटायची, तीही मिलिसेकंदाच्या अचूकतेनं. ड्रमचा वेग वाढवला की ओळ आक्रसायची, कमी केला की ताणली जायची, पण स्पंदांमधल्या अंतरांची आपसातली प्रमाणं कायम.

मिरजेच्या तंबोऱ्यांच्या मुलखात हे समजावणं सोपं आहे. भीमपलास काळी एकमध्ये गा नाहीतर पांढरी पाचमध्ये, प्रत्येक स्वराची कंपनसंख्या बदलते, तरी राग भीमपलासच राहतो. कारण स्वरांमधली गुणोत्तरं बदलत नाहीत. कापडावरून हात भरकन फिरवला काय किंवा सावकाश, खादी खादीच लागते. मेंदूच्या स्पर्शक्षेत्रातल्या पेशी तर वेगामुळे पडणारा फरक मज्जातंतूंपेक्षाही कमी मानतात. मनगटापासून तिथपर्यंत खबर पोचायला सुमारे २० मिलिसेकंद लागतात.

हॉलिन्स यांच्या गटानं आणखी एक गंमत केली. बोटाला बराच वेळ थरथरत ठेवलं, मग पोत ओळखायला दिले. जाड पोत ठीक ओळखले गेले, बारीक पोतांत मात्र गोंधळ झाला. थरथर ओळखणारी व्यवस्था थकून गेली होती.

हे वाचताना मला एकदम मामांचा डावा हात आठवला. त्यांचा उजवा हात दिवसभर थरथरत्या गिरणीवर असतो! पीठ ते डाव्या हातानं बघतात ते उगाच नव्हे, असं माझं पक्कं झालं. दुसऱ्या दिवशी पिशवी घेऊन गेलो आणि मोठ्या उत्साहानं त्यांना सगळं सांगितलं, कांद्यासकट. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"तसं काय न्हाई ओ सर," ते म्हणाले, "उजव्या हातानं पैसे घ्यायला लागतात."