तिबेटी स्वातंत्र्य चळवळ आणि संगीत

तिबेटच्या स्वातंत्र्याच्या मागणीसाठी गाणे, नृत्य आणि नाट्य यांचा केला जाणारा वापर. जगभर गाजल्या त्या रॉक मैफली. पण चळवळीतले संगीत म्हणजे तेवढेच असे समजणे चुकीचे ठरेल. त्याची सुरुवात निर्वासितांच्या नाटकमंडळीपासून होते, आणि त्याची खरी किंमत तिबेटमध्येच राहिलेल्या गायक-गायिकांनी मोजली आहे.

मार्च १९५९ मध्ये तिबेटची राजधानी ल्हासा येथील चिनी राजवटीविरुद्धचा उठाव चिरडला गेला आणि दलाई लामा भारतात आले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कालिंपाँग येथे निर्वासितांची संगीत-नाट्य संस्था स्थापन झाली. पुढे ती धरमशाळेला गेली. ‘टिपा’ या आद्याक्षरांनी ओळखली जाणारी तिबेटी प्रयोगकला संस्था ती हीच. डोक्यावर धड छप्पर नसलेल्या लोकांनी पहिल्या काही महिन्यांतच नाटकमंडळी उभी करावी, याचे नवल वाटते. मात्र तिबेटातले मठ आणि उत्सव बंद पडत असताना, जाणते कलावंत हयात आहेत तोवर कला उतरवून घेणे हे तातडीचेच काम होते.

या संस्थेने जपलेला मुख्य प्रकार म्हणजे ‘आचे ल्हामो’ हे संगीतनाट्य. प्रयोग उघड्यावर, मोठ्या कनातीखाली होतो आणि दिवसभर चालतो. साथीला फक्त ढोल आणि झांज. आधी निळे मुखवटे घातलेले शिकारी गिरक्या घेत येतात आणि भूमी शुद्ध करतात. आपल्याकडच्या पूर्वरंगाची आठवण व्हावी असा हा भाग. प्रेक्षक घरून चहा-खाणे घेऊन येतात, मध्येच गप्पा मारतात, पुन्हा नाटकात रमतात. उन्हाळ्यातील ‘शोतोन’ म्हणजे दह्याच्या मेजवानीचा उत्सव, आणि ल्हामोचे प्रयोग हा त्याचा गाभा. या नाट्याचे जनकत्व परंपरेने थांगतोंग ग्याल्पो या सिद्धाकडे जाते. लोखंडी साखळ्यांचे पूल बांधायला पैसे हवेत म्हणून त्याने सात बहिणींचा मेळ उभारून गावोगाव खेळ केले, अशी कथा आहे. कार्यासाठी खेळ लावून वर्गणी काढण्याची रीत तिबेटी लोकांना अमेरिकेकडून शिकावी लागली नाही, ती अशी.

अमेरिकेतली गोष्ट १९९०च्या दशकातली. ‘बीस्टी बॉइज’ या रॅप गाणाऱ्या गटातील अ‍ॅडम यॉक याने सहकाऱ्यांसह मिलारेपा फंड स्थापन केला. गीतांतून उपदेश करणाऱ्या तिबेटी संताचे नाव या निधीला दिले हे उचितच होते. १५ व १६ जून १९९६ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पार्कमध्ये पहिली ‘तिबेटन फ्रीडम कॉन्सर्ट’ झाली, तिला सुमारे एक लाख लोक आले. पुढच्या वर्षी न्यूयॉर्क, १९९८ मध्ये वॉशिंग्टन. तिथे पहिल्याच दिवशी वीज कोसळून काही प्रेक्षक जखमी झाले आणि त्या दिवसाचा उरलेला कार्यक्रम रद्द करावा लागला. १९९९ मध्ये चार देशांत मैफली झाल्या. तिबेट कुठे आहे हे ठाऊक नसलेली कितीतरी तरुण मुले यातून चळवळीत आली, विद्यार्थी संघटनांच्या शाखा वाढल्या. चीनच्या धोरणावर मात्र त्याचा काही परिणाम दिसला नाही, हेही नोंदवले पाहिजे.

त्याच दशकात ल्हासाच्या द्राप्ची तुरुंगात वेगळीच मैफल झाली होती. १९९३ मध्ये चौदा भिक्षुणींनी चोरून आणलेल्या टेपरेकॉर्डरवर गाणी ध्वनिमुद्रित केली. ना वाद्य, ना साथ. दबक्या आवाजात घरच्यांना निरोप, दलाई लामांची आठवण आणि तुरुंगाचे वर्णन. फीत बाहेर पोचली, जगभर ऐकली गेली, आणि चौदाही जणींच्या शिक्षा वाढल्या. त्यांतील फुन्त्सोग न्यिद्रोन हिची नऊ वर्षांची शिक्षा सतरा वर्षांची झाली.

तिबेटमध्ये उघड बोलता येत नाही, म्हणून गाण्यांत सूर्य, हिम आणि दूर गेलेला गुरू अशा प्रतिमांचा आडोसा घेतला जातो. तो दरवेळी पुरतोच असे नाही. २००८ मध्ये तिबेटात चिनी राजवटीविरुद्ध झालेल्या आंदोलनानंतर अनेक गायकांना गाण्यांवरून तुरुंगवास झाला.

ङवांग छोफेल याची हकीकत तर आणखी चमत्कारिक आहे. कर्नाटकातील मुंडगोडच्या वसाहतीत वाढलेला आणि टिपामध्ये शिकलेला हा संगीताचा अभ्यासक १९९५ मध्ये कॅमेरा घेऊन तिबेटात गेला, तो लोकगीते जमवायला. म्हाताऱ्या माणसांना बसवून तो गाऊन घेत होता. त्याला अटक झाली, हेरगिरीचा आरोप ठेवला गेला आणि अठरा वर्षांची शिक्षा सुनावली गेली. त्याच्या सुटकेसाठी आईने दिल्लीच्या रस्त्यावर बसून सह्या गोळा केल्या. जानेवारी २००२ मध्ये तो सुटला. अटकेआधी काही फिती त्याने ओळखीच्या माणसाबरोबर भारतात धाडल्या होत्या. लोकगीतांवरचा त्याचा माहितीपट पुढे त्यांच्याच आधाराने उभा राहिला.